बरणीभर माश्या

शरच्चंद्र भाऊजींना शेतीतलं एवढंच कळायचं की झाड जमिनीतून वर येतं. बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं. सदर बाजारात कापडाचं दुकान, आठवडाभर बूड गादीवर, आणि रविवारी अभनपूर रोडच्या बागेत येऊन कमरेवर हात ठेवून म्हणायचं, "वहिनी, या झाडायले पाणी कमी पडून राहिलं." दोन दिवस धो धो पाऊस झालेला असताना! कुसुम ही त्यांची थोरली वहिनी. ती तोंडानं "हव, भाऊजी" म्हणायची आणि मनात म्हणायची, अरे गाढवा, पायाखालचा चिखल तर बघ.

नवरा गेल्यापासून पाच वर्षं बाग तिनंच सांभाळली. सहा एकर पेरू. जाम म्हणतो आम्ही इकडे. जमीन मात्र दोघांच्या नावावर, आणि भाऊजींच्या डोक्यात प्लॉट. आजूबाजूच्या शेतांत केव्हाच खुंट्या ठोकल्या गेल्या होत्या. गेल्या वर्षी फळमाशीनं अर्धा माल नासवला, तेव्हा घरच्या सगळ्यांसमोर ठरलं : यंदा बीरगावच्या फळ कंपनीनं माल पास केला तर बाग राहील, नाही तर झाडं तोडून प्लॉट पाडायचे. कुसुमनंच हो म्हटलं होतं. रागाच्या भरात म्हटलं, पण म्हटलं.

मग बाई पेटली. ही माशी फळाला डंख मारून आत अंडी घालते. वरून पेरू गोरागोमटा आणि आत नुसती वळवळ. कुसुमनं बागभर प्लास्टिकचे सापळे टांगले, प्रत्येकात एक गंधगोळी. त्या वासाला नरमाश्या येतात आणि मरतात. दर सोमवारी सापळे उघडायचे, माश्या मोजायच्या, वहीत आकडा लिहायचा आणि त्या मेलेल्या माश्या शेडमधल्या फुटक्या ड्रममध्ये टाकायच्या. रोज सकाळी पडकी फळं वेचून खोल पुरायची. ऑगस्टमध्ये एकेका सापळ्यात चाळीस-चाळीस माश्या निघत. नोव्हेंबरात चार, तीन, कधी दोन. कंबर मोडेपर्यंत राबून तिनं तो आकडा खाली आणला होता.

कंपनीचा माणूस, दिवाकर, बाग बघायला आला त्या दिवशी भाऊजी त्याच्या आधी हजर. दिवाकरनं वही चाळली. "बढिया काम आहे, दीदी," म्हणाला. कुसुमला जरा हायसं वाटलं, तोच भाऊजींनी पिशवीत हात घातला आणि लोणच्याची काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. गळ्यापर्यंत मेलेल्या माश्यांनी भरलेली.

"पाहा साहेब! हा आमचा बंदोबस्त!"

या महापुरुषाला वाटत होतं, जितक्या माश्या जास्त तितका पराक्रम मोठा. अहो, ही काय वाघाची शिकार आहे, मुंडकं भिंतीवर लावायला? सापळ्यात जास्त माश्या म्हणजे बागेत जास्त माश्या. चौथीतल्या पोट्ट्यालाही समजेल.

दिवाकरचा चेहरा उतरला. "इतक्या? किती दिवसांच्या?"

"एका हप्त्याच्या!" भाऊजी छाती काढून म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दिवाकरनं वही मिटली. "दीदी, वहीत तीन अन् चार, अन् इथं हे. मी खरं काय मानू? असा माल मले नाही घेता येत."

लग्न होऊन आल्यापासून पंचवीस वर्षांत कुसुमनं घरच्या पुरुषाचा परक्यासमोर कधी पाणउतारा केला नव्हता. घरची रीत तशी होती आणि ती रीत तिनं दातओठ खात पाळली होती. आज पाळली असती तर झाडं गेली असती.

"भाऊजी, सापळ्यात नर येतात का माद्या?"

"आँ? दोन्ही येतात. जोडीनं."

दिवाकरनं चमकून वर पाहिलं.

"गंधगोळी कितीक दिवसांनी बदलायची?"

"संपली का बदलायची. त्यात काय!"

"अन् आपल्या बागेत सापळे किती?"

भाऊजी झाडांकडे बघत ओठातल्या ओठात मोजायला लागले.

"साहेब, यायनं आजवर एक सापळा उघडला नाही," कुसुम म्हणाली. "यायले यातलं काही म्हणजे काहीच नाही समजत. मी ड्रममध्ये टाकते त्या माश्या आहेत ह्या, चार महिन्यांच्या. हप्त्याच्या म्हणतात ती शुद्ध फेकाफेक. तुम्ही वही नका पाहू, बरणी नका पाहू. जाम कापा. तुमच्या हातानं, तुम्हाला वाटेल त्या झाडाचे."

दिवाकरनं बागेच्या चारी कोपऱ्यांतून तीस पेरू तोडले आणि एकेक कापला. दर वेळी सुरी आत गेली की कुसुम पदर मुठीत आवळायची. तीसच्या तीस स्वच्छ निघाले.

"पास," दिवाकर म्हणाला. "सोमवारी गाडी पाठवतो." आणि गेला.

भाऊजी विहिरीच्या कठड्यावर बसले होते. कुसुम पंचवीस वर्षांचं साठवलेलं बोलायलाच त्यांच्याकडे गेली.

"परक्यासमोर पार इज्जत काढली माझी, वहिनी."

"मग काय ओवाळू तुम्हाले? बाग घालवली होती तुम्ही! कोणी सांगितलं होतं त्या माश्या गोळा करायले?"

"कोणीच नाही." भाऊजी खाली बघत म्हणाले, "दादा होता तं काही ना काही सांगे. पाइप धर, खत उचल. तुम्ही पाच वर्षांत एक काम नाही सांगितलं मले. येतो, फिरतो, चहा पितो, जातो. त्या ड्रमापाशी बसून कचरा वेचवेचून भरली बरणी. म्हटलं, आपलं बी काही दिसलं पाहिजे."

कुसुमला लाज वाटली, आणि या माणसापायी आपल्याला लाज वाटावी याचा संतापही आला. मूर्ख तो मूर्खच होता, त्यात काही फरक पडला नव्हता. पण त्याला मूर्ख ठेवण्याची तिला गोडी लागली होती, हेही खरं होतं.

"प्लॉटचं काय?" तिनं विचारलं.

"जबान दिली होती ना. बाग राहील."

"मग रविवारी सहाले या. पडके जाम वेचायचे आहेत. वाकावं लागते."

"सकाळी सहाले?"

"मग काय संध्याकाळी?"

रविवारी भाऊजी आठला आले. पहिलं घमेलं भरायला त्यांना पाऊण तास लागला, आणि त्यातले निम्मे चांगले पेरू, झाडावरून तोडलेले. कुसुमनं कपाळावर हात मारून घेतला. मग ती त्यांच्या शेजारी मातीत बसली आणि एक पडका पेरू हातात घेऊन माशीचा डंख कुठे असतो ते त्यांना दाखवायला लागली.