उशीखाली वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. माझी तार कापून टाकल्यावरही मी वाजत राहिलो. तुम्हाला भीती वाटेल. मलाही वाटली होती.

कारखान्यातून मी एका छोट्या दवाखान्यात आलो. मला बसवले ते तिथल्या लाइनमनने. ते सदानकदा खांबावर चढलेले असत, म्हणून मुले त्यांना खांबकाका म्हणत. भिंतीवरच्या डबीत त्यांनी माझी तार दोन स्क्रूंनी आवळली, ओढून पाहिली, पुन्हा आवळली.

"आता हत्ती लटकला तरी सुटायची नाही," ते म्हणाले.

"हत्ती आणणार कोण, तुम्ही?" दवाखान्याच्या नर्सबाई हसल्या. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्या रोज सकाळी स्पिरिटच्या कापसाने मला पुसत. माझी घंटा वाजली की हातातले काम टाकून धावत. "हा आहे म्हणून माणसं वाचतात," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी छाती फुगली होती.

मग तो दिवस आला. सलग दोन रात्री सिस्टरच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत कलंडल्या. डॉक्टर मागच्या इमारतीत होते. चार वाजून वीस मिनिटांनी मी वाजलो. सिस्टरनी डोळे उघडले. हो, उघडले, मी समोरच होतो.

"आता पुरे कर रे बाबा," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी माझ्यावर उशी दाबली.

उशीखाली मी सतरा वेळा वाजलो. मग पलीकडच्याने आशा सोडली.

अर्ध्या तासाने खांबकाकांची बायको धावत आली. पाच वर्षांची मुलगी तिच्या खांद्यावर होती. पोरीचा घसा सुजला होता, श्वासाची शिटी वाजत होती. मघाशी आईनेच बेकरीतून फोन केला होता; डॉक्टर मोटारसायकलवर लगेच पोचले असते. डॉक्टरांनी शर्थ केली. श्वास थांबला तो थांबलाच.

"फोन का नाही उचलला?" डॉक्टरांनी विचारले.

सिस्टरचे ओठ पांढरे पडले. "फोन बंद आहे, डॉक्टर. दुपारपासून."

सगळे मागच्या इमारतीत गेले, तेव्हा सिस्टरनी कात्रीच्या टोकाने डबीतला माझा एक स्क्रू सैल केला. खोटे खरे व्हावे म्हणून.

तिसऱ्या दिवशी खांबकाका आले. त्यांनी बोट लावताच त्या स्क्रूखालची तार हातात आली. "माझ्याच हातचं काम," ते एवढेच म्हणाले. सिस्टर दारात उभ्या होत्या. एक वाक्य पुरले असते. त्या बोलल्या नाहीत.

मित्रांनो, मीही बिघडलेला ठरलो. माझ्या मनात अढी बसली. सिस्टरनी मला पुसले की मला त्यांच्या बोटांचा राग येई.

वर्षे गेली. खांबकाका घरोघरी जाऊन धडधाकट टेलिफोनांचे स्क्रू आवळत फिरत. लोक म्हणत, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सिस्टर दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जात. सगळे मिळून पापांची कबुली देऊ लागले की त्यांचे ओठ मिटत. पुढे नवा टेलिफोन आला. माझी तार कापली आणि मला औषधांच्या जुन्या कपाटात ठेवले.

तिथे एका दुपारी माझ्या पोटात घंटा हलली. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. आवाज दबका होता, कोणीतरी उशी दाबून धरल्यासारखा. मी मोजले. सतरा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आवाज ऐकून कंपाउंडरने कपाट उघडले, माझी तुटकी तार वर धरली, आणि मला परत ठेवताना त्याच्या हातातली बाटली फुटली. "सिस्टर, ह्याला तार नाही हो!" तो ओरडला. त्यानंतर त्या खोलीत चार वाजल्यावर कोणी फिरकेना. मी खोटे सांगत नाही: आवाज माझ्यातूनच निघत होता, पण तो मी काढत नव्हतो.

नवव्या दिवशी सिस्टर एकट्या आल्या. त्यांनी दार लावून घेतले. मी वाजू लागलो. सातव्या घंटेला त्यांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

पलीकडे ना आवाज, ना श्वास. पण रिकामी शांतता वेगळी आणि ऐकणारी शांतता वेगळी, एवढे टेलिफोनला कळते. पलीकडे कोणीतरी ऐकत होते. न रागावता, न घाई करता.

"मी जागी होते," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी गुडघे टेकले. "प्रभू, मी जागी होते. मी उशी ठेवली. खोटं मी बोलले. स्क्रू मीच सोडला." माझ्यातून पाणी झिरपेपर्यंत त्या रडल्या.

संध्याकाळी सिस्टरनी चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावून घेतले. सगळे ऐकून त्यांनी सिस्टरच्या डोक्यावर हात ठेवला. "देव क्षमा करतो. मनापासून परत फिरणाऱ्याला तो लोटत नाही. पण सिस्टर, खांबकाका अजून स्वतःलाच दोष देत जगतायत. ते ओझं तुमचं आहे. जा, परत घ्या."

"त्यांनी मला हाकललं तर?"

"तर हाकलू द्या. तो त्यांचा हक्क आहे."

सिस्टरनी मला पिशवीत घातले आणि खांबकाकांच्या घरी गेल्या. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत. सिस्टर उभ्यानेच सगळे बोलल्या. एकही सबब सांगितली नाही. दोन रात्रींच्या जागरणाचा उल्लेखसुद्धा केला नाही.

खांबकाका म्हणाले, "म्हणजे माझा स्क्रू घट्ट होता?"

"घट्ट होता, काका."

त्यांनी तोंड झाकले. "ती गेली ना, माझी बायको, ती मरेपर्यंत हेच समजत होती की मी..." मग ते ओरडले, "जा! आधी जा इथून!"

सिस्टरनी मला पिशवीतून काढून ठेवले होते तिथेच, जमिनीवर, मी राहिलो. चार वीसला मी वाजलो नाही. त्यानंतर कधीच नाही.

सिस्टर दुसऱ्या दिवशी आल्या. दार बंद होते. त्या तासभर पायरीवर बसून गेल्या. तिसऱ्या दिवशीही. पाचव्या आठवड्यात एकदा दार उघडले. खांबकाकांच्या हातात दोन कप चहा होता. एक त्यांनी सिस्टरजवळ पायरीवर ठेवला आणि ते शेजारी बसले.

"आज म्हणतो, क्षमा केली," ते म्हणाले. "उद्या सकाळी राग परत येईल. मग परत म्हणावं लागेल. तुम्ही येत जा."

"येईन," सिस्टर म्हणाल्या.

उघड्या दारातून मी त्यांची पाठमोरी डोकी बघत होतो. माझ्या मनातली अढी कधी सुटली, मला कळलेच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी तुमचा निरोप घेणार नाही. मला भंगारात टाकलेत तरी चालेल. पण तुमच्या हातून कोणाचे वाईट झाले, तर देवाजवळ खरे बोला आणि मग त्या माणसाच्या दारात जा. दार लगेच उघडेलच असे नाही. पायरीवर बसा. आणि तुम्ही दाराच्या आत असलात, तर बाहेर कोणीतरी बसले आहे, एवढे विसरू नका.