दोन बोटं कमी

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कडं आहे. आज अकोल्यात जठारपेठेजवळच्या एका लोहाराच्या दुकानात खुंटीला टांगलेला आहे. एके काळी मात्र मी व्यायामशाळेच्या मैदानात उंच फळीवर होतो, आणि बास्केटबॉलचा चेंडू माझ्यातून आरपार जाई.

मला घडवलं गयासुद्दीनचाचांनी. त्यांचा हात मोटेच्या कड्यांवर बसलेला. विहिरीचं पाणी ओढणाऱ्या मोटेच्या तोंडाला कडं लागतं, त्यावर चामडं बाहेरून चढतं, म्हणून ते बाहेरूनच मोजायचं असतं. व्यायामशाळेचे महादेवराव मास्तर म्हणाले, "चाचा, अठरा इंच पायजे." चाचांनी अठरा इंच मोजलं. बाहेरून. लोखंडही चांगलं अंगठ्याएवढं जाड घेतलं, पोरं लोंबकळली तरी वाकू नये म्हणून. त्या पोरांत त्यांचा मुलगा इनायतुल्ला होता ना!

इनायतुल्ला हा संघातला लांबून चेंडू टाकणारा गडी. तुळशीपुढची सांजवात चुकू नये, तसे त्याचे रोजचे शंभर चेंडू कधी चुकले नाहीत. एखादा माझ्या काठाला लागून बाहेर पडला की तो वर पाहून हसे. "आज रुसलं वाट्टे माह्यावर," म्हणे. मित्रांनो, मला वाचा असती तर!

एका साली नागपूरला प्रांताचा संघ निवडायचा होता. लांबून टाकणारा गडी एकच घ्यायचा होता. अमरावती, अचलपूर, अकोला, तिन्ही ठिकाणांहून आपापल्या मैदानावरचे आकडे गेले. शंभरांत अमरावतीचे उत्तमराव एकसष्ट, अचलपूरचा गडी अठ्ठावन्न, आणि आमचा इनायतुल्ला चौपन्न. उत्तमरावांचं नाव लागलं.

चाचा हातातला हातोडा तसाच घेऊन मैदानात आले.

"मास्तर, माह्या पोराले काहून नाई घेतलं?"

"आकडे पाहा ना चाचा. सात चेंडू कमी पडले. आमी काय करावं?"

चाचा पोराकडे वळले. "मंग मेहनतच कमी पडली तुयी."

त्या संध्याकाळी इनायतुल्लाने शंभरांऐवजी एकच चेंडू टाकला. तो काठाला न लागता आरपार गेला. आठवड्याभरात तो पलटणीत भरती झाला. जपानशी लढाई सुरू होती. ब्रह्मदेशातून दोन पत्रं आली, पुढे येईनात.

थंडीत अमरावतीचा संघ आमच्याकडे खेळायला आला. उत्तमरावांचे चेंडू एकामागून एक माझ्या काठावर आपटू लागले. पोरांना तेवढंच हवं होतं.

"काय भाऊ, हात अमरावतीलेच ठेवून आले काय?"

उत्तमरावांनी घाम पुसला. "हासा लेकहो. मास्तर, हे कडं लहान हाय. मोजा बरं."

शिडी आणली. चेंडू आतून जातो, म्हणून मास्तरांनी पट्टी आतून धरली. अठरा इंचांना दोन बोटं कमी!

हसणं थांबलं. उत्तमराव वर माझ्याकडे पाहत म्हणाले, "म्हंजे इनायतुल्ला याच्यात चौपन्न टाकत होता?"

चाचांना बोलावणं गेलं. त्यांनी शिडीवर चढून माझ्या आतल्या काठावरून एकदा बोट फिरवलं, पूर्ण गोल. मग आतून मोजून नवं कडं करून दिलं आणि मला दुकानात आणलं. भट्टी पेटलेली होती. माझी वेळ आली असं मला वाटलं. बरंही वाटलं.

"टाका भट्टीत," सोबत आलेले मास्तर हळूच म्हणाले. "कायले डोयापुढं ठेवता, चाचा?"

"राहू द्या. पोरगं आलं त त्याले दाखवाचं हाय, का तो कमी नोता."

मित्रांनो, कोण सरस आणि कोण उणा हे खुशाल ठरवा; पण तोंडातून शब्द काढण्याआधी एकदा शिडी लावून वर चढा. इनायतुल्लासाठी वेळेवर कुणी चढलं नाही, आणि मला सांगता आलं नाही.

मला इथे टांगून चार वर्षं झाली. अजूनही संध्याकाळी, वाऱ्याची झुळूक नसताना, माझ्यातून काहीतरी आरपार जातं. काठाला न लागता. मी खुंटीवर जरासा हलतो, भिंतीवर टक् असा आवाज होतो. चाचांचा घण हवेतच थांबतो, आणि ते दाराकडे पाहतात.