अज्जांची जीभ आणि स्कूटीचं ऑइल

आमच्या घरात तेल या विषयावर अज्जांच्या आधी कुणी बोलायचं नाही, असा नियम आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत आमचा लाकडी घाणा आहे. अज्जा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील वीरभद्रप्पा, करडईच्या तेलाचा एक थेंब जिभेवर ठेवून सांगतात, की बी कुठल्या रानातली आणि काढणाऱ्यानं घाई केली की नाही. यात थाप अजिबात नाही. पेठेतल्या बायका दुसरीकडून तेल घेतलं तरी डबा आधी त्यांच्यापुढं आणून ठेवतात. अडचण एवढीच, की एका तेलातलं कळतं म्हटल्यावर अज्जांना जगातली सगळी तेलं आपल्याच हाताखालची वाटतात. केसांचं, गुडघ्यांचं आणि आता आईच्या स्कूटीचं.

त्याचं झालं असं. हायवेच्या कडेला नवीन मार्ट निघालंय. तिथं फिनेलपासून शेवयांपर्यंत सगळ्यावर मार्टचं स्वतःचं हिरवं लेबल असतं. गाडीचं सिंथेटिक ऑइलही तसलंच, कंपनीच्या बाटलीपेक्षा निम्म्यात. आईनं तिथंच उभं राहून स्कूटीच्या पुस्तिकेतले आकडे बाटलीच्या पाठीवरच्या आकड्यांशी ताडून बघितले, जुळले, म्हणून घेऊन आली. विषय संपला असता. पण बाटली अज्जांना दिसली.

निकाल त्यांनी लेबल बघूनच दिला. ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते, तो दुकानाचं नाव लावतो, असं त्यांचं म्हणणं. तरी परीक्षा रीतसर झाली. थेंब तळहातावर चोळला, उन्हाकडं धरला, हुंगला.

“वासच न्हाय. बी कुटली हाय हेची?”

मी सांगितलं की यात बी नसते. मग त्याला तेल कशाला म्हणतात, असं त्यांनी मलाच विचारलं. ते बोट जिभेवर न्यायला निघाले तेव्हा आईनं हात धरला. मग पणतीत ओतून वात लावली. वात तडतडली, काळा धूर सोडून विझली आणि देवळीतला महादेवाचा फोटो काळवंडला.

“ज्यानं धड दिवा लागत न्हाय,” अज्जा म्हणाले, “त्यानं गाडी काय चालणार?”

मी म्हणाले, पेटत नाही हेच तर चांगलं, पेटायला इंजिनात पेट्रोल असतं की. गेल्या महिन्यात वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला (पहिल्या नंबरच्या मुलीचा मामा परीक्षकांच्या ओळखीचा होता, हे आपलं जाता जाता), तेव्हापासून मी मुद्दा सोडत नाही. अज्जांनी मला घाण्यावर पेंड भरायला पाठवलं.

दुपारपर्यंत निकाल पेठभर झाला. शेजारी लालसाब चाचांचं गॅरेज आहे. त्यांच्या मते ते स्वतः विकतात तेच ऑइल चांगलं, पण खरी गोष्ट वेगळी होती. अज्जा नको म्हणाल्यावर ते बोल्टला पाना लावणार नव्हते. इकडं आईही हट्टाला पेटली. मी वाचून आणलंय, हेच घालणार. स्कूटीचं जुनं ऑइल पार तळाला गेलेलं, त्यामुळं ती दाराशी उभी. आणि आई होटगी रोडच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे उशीर झाला की तास गेला. शेअर रिक्षाच्या नादात दोनदा गेला. पुन्हा असं झालं तर तास दुसऱ्या बाईंना देऊ, असं मुख्याध्यापकांनी फार गोड आवाजात सांगितलं होतं.

या सगळ्यात बाबा गप्प. त्यालाही कारण होतं. दिवाळीपासून बाबा आमच्या घाण्याचं करडई तेल डबे भरभरून त्याच मार्टला देत होते. तिथं ते बाटलीत जातं आणि त्याला हिरवं लेबल लागतं. घाणा आता संध्याकाळीही फिरतो तो त्यामुळं. अज्जांची समजूत अशी, की त्यांच्या जिभेची कीर्ती वाढली. अज्जांना काही सांगायचं नाही, अशी बाबांनी मला आणि आईला शपथ घातली होती.

मी शपथ मोडली नाही. मी फक्त मार्टात जाऊन करडई तेलाची एक बाटली आणली.

रविवारी सकाळी अज्जा ओट्यावर बसले होते, सोबत लालसाब चाचा आणि किराणा दुकानाचे ईश्वरप्पा चहा पीत होते. मी वाटीत तेल घेऊन गेले. एका दुकानातलं आहे, जरा बघता का, म्हणाले. पायरीवर बसलेल्या बाबांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घरात काहीतरी राहिल्यासारखं उठले. दारात उभ्या आईनं त्यांना खाली बसवलं.

अज्जांनी थेंब जिभेवर ठेवून डोळे मिटले.

“मंगळवेढ्याची बी,” ते म्हणाले. “काळ्या रानातली. घाई न करता काढलंय. असलं तेल सोलापुरात एकच घाणा काढतोय.”

ईश्वरप्पांनी विचारलं, कुठला.

“तुमी कुणाच्या ओट्यावर बसलाय?”

मग मी बाटली पुढं ठेवली. हिरवी.

बाबा स्वतःच्या चपलेचा अंगठा बघत राहिले. अज्जांनी बाटली फिरवून फिरवून बघितली. आता त्यांना दोनच वाटा होत्या. जीभ चुकली म्हणायचं, नाहीतर हिरव्या लेबलातही चांगलं तेल असतं म्हणायचं. ईश्वरप्पांचा कप हवेतच थांबला होता. अज्जा काय म्हणाले, हे तासाभरात पेठभर करायचं काम त्यांचंच असतं.

“प्रभू, कवापासून?” त्यांनी बाबांना विचारलं.

“दिवाळीपासून, अप्पा.”

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही आधी लेबल बघितलं असतं.”

अज्जांनी आणखी एक थेंब चाखला. सावकाश, जणू निकाल अजून लागायचाच होता. मग ते ईश्वरप्पांकडं वळले.

“मार्टवाल्यास्नी कळतंय. एवढे घाणे सोडून आपल्या दारात आले. तेलातलं कळणारा माणूस बसलाय तितं.”

त्यांनी ऑइलची बाटली मागवली, पुन्हा थेंब चोळला, पुन्हा हुंगला. वास नाही म्हणजे शुद्ध आहे, असं ठरलं. करडई चांगली निघाली म्हणून इंजिनचं ऑइल चांगलं कसं ठरतं, आणि पणतीचं काय, हे मी विचारणारच होते. आईनं माझ्या पायावर पाय दिला. लालसाब चाचा तोवर पाना आणायला गेलेसुद्धा.

चाचांनी स्कूटी ओट्यापुढं घेतली, बटण मारून थोडा वेळ चालू ठेवली. अज्जा ओट्यावरून उतरून कान देऊन उभे राहिले.

“ऐका. आवाज बगा कसा मऊ झाला. घशात तेल गेलं की माणूसबी असाच बोलतोय.”

ईश्वरप्पांनी मान डोलावली. त्यांना फरक स्पष्ट ऐकू येत होता.

चाचांनी गाडी बंद केली, खाली ट्रे सरकवला आणि बोल्ट काढला. ट्रेमध्ये काळंकुट्ट ऑइल पडायला लागलं. नवी बाटली अजून आईच्याच हातात होती.

“हे काय?” अज्जांनी विचारलं.

“जुना ऑइल, अज्जा. गाडी गरम केल्याबिगर सगळा उतरत न्हाय.”

अज्जांनी ट्रेकडं बघितलं. मग आईच्या हातातल्या बाटलीकडं. मला वाटलं, आता तरी.

“इंजनालाबी कळलं असंल की,” ते म्हणाले, “नवं कसलं यायलंय ते.”

सोमवारी आई घंटेच्या आधी वर्गात होती. स्कूटीवर मागं अज्जा बसून गेले होते. शाळेच्या शिपायाला ऑइल कुठलं घ्यावं, ते सांगायला.