रेघ जाड करा

“जे नकाशावर नाही, ते या जिल्ह्यात नाही!” सर्जेराव साहेबांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं, टाळ्या घेतल्या आणि त्याच तोऱ्यात बाहेरचं दार समजून रेकॉर्डरूममध्ये शिरले. दार मागे बंद झालं आणि ते आतून उघडत नसे. पाच मिनिटांनी कचरू शिपायाने त्यांना मोकळं केलं, तेव्हा “हितला बल्ब काहून गेला?” एवढंच विचारून साहेब पुढे चालते झाले.

जिल्हा नकाशा कक्षातले सगळे गालात हसले. माऊली हसला नाही. आठ महिन्यांत त्याचं हसू वापरून संपलं होतं.

माऊली मूळचा केदारखेड्याचा. पुण्यात सात वर्षं नकाशांच्या संगणक प्रणाली उभारून तो कंत्राटावर जालन्याला आला होता. काम असं, की जिल्ह्याची माहिती कुठे राहील, कोण बघेल आणि कोण बदलेल, याचा आराखडा करायचा. त्याने तो एका कागदात बसवला. तळाशी तालुक्यांच्या सीमांचा एकच थर, सगळ्यांना सामाईक. त्यावर गावं, गावांवर विहिरी, विहिरींवर टँकर. सीमा हलवायची तर दोन्ही शेजाऱ्यांची संमती हवी.

‘सामाईक’ या शब्दावर साहेबांचं बोट अडलं.

“माऊलीराव, तीस वर्षं झाली नोकरीला. सामाईक विहीर, सामाईक बांध, सामाईक भिंत. एक तरी धड चाललेली बघितली का तुम्ही? प्रत्येक तालुक्याला आपला सर्व्हर द्या, आपली सीमा द्या, आपला पासवर्ड द्या. वरून एक पोर्टल पांघरा.”

“साहेब, मग दोन सीमा जुळणार नाहीत.”

“न जुळू द्या. भांडणार तर नाहीत!”

तसंच झालं. दोन तालुक्यांनी दोन ठेकेदारांकडून आपापली सीमा आखून घेतली. मध्ये नाला होता आणि एका ठिकाणी त्याचे दोन फाटे होते. नाला कुणालाच नको होता, कारण नाला घेतला की पूल आला, गाळ आला, वरून अर्ज आले. म्हणून एकाने अलीकडचा फाटा धरला, दुसऱ्याने पलीकडचा. फाट्यांच्या मध्ये बावीस घरं होती. ती दोघांनीही अत्यंत सभ्यपणे एकमेकांना सोडून दिली.

त्या बावीस घरांतल्या दैवशालाबाई आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या होत्या. वस्तीचा बोअर आटला होता. टँकरचा अर्ज मोबाइलवर भरला की उत्तर यायचं : ‘हे ठिकाण कोणत्याही तालुक्यात आढळले नाही.’

“मतदानाला बराबर सापडतो आमी,” त्या माऊलीला म्हणाल्या. “पाण्याचं नाव काढलं की गायब. दादा, आज टँकरची यादी बंद व्हनार म्हंत्यात. मंग महिनाभर काय करावं आमी?”

“बसा मावशी. मीटिंगमध्ये दाखवतोच.”

त्याने खरंच दाखवलं. पडद्यावर दोन रेघांमधली पांढरी फट मोठी केली, आत बावीस छपरं. खोलीत क्षणभर शांतता पसरली. माऊलीला वाटलं, लाज पसरली. ती शांतता समोशांची होती. ताट नुकतंच आलं होतं.

“एवढं जवळून कशाला बघायचं?” साहेब म्हणाले. “दूर घ्या.”

माऊलीने दूर घेतलं. फट केसाएवढी झाली.

“अजून.”

अजून घेतलं. तरी एक पांढरा तंतू राहिलाच.

“आता रेघ जाड करा.”

“साहेब?”

“सीमेची रेघ. किती ठेवली? एक? पाच करा!”

माऊलीने पाच केली. दोन रेघा एकमेकींना चिकटल्या. बावीस घरं, दोन फाटे आणि एक आटलेला बोअर काळ्या पट्ट्याखाली गडप झाले.

“बघा, मिटला प्रश्न,” साहेब बोटं चाटत म्हणाले. “तंत्रज्ञान म्हणजे दुसरं काय असतं? कचरू, चटणी इकडे सरकव.”

साहेबांच्या तेलकट बोटांचा आता पडद्यावरही ठसा होता, नेमका जिल्ह्याच्या मधोमध. तो पुसायचीसुद्धा माऊलीला किळस वाटली.

जागेवर येऊन त्याने संगणक उघडला. यादी बंद व्हायला वीस मिनिटं होती. दैवशालाबाई बाकावरून बघत होत्या. आयुष्यभर खऱ्या जागेसाठी भांडलेल्या माऊलीने वस्तीचा ठिपका उचलला आणि चारशे पावलं सरकवून नाल्याच्या अलीकडच्या तालुक्यातल्या एका उजाड ढेकळाच्या रानात ठेवला. प्रणालीने चार सेकंदांत हिरवी खूण दिली. आठ महिने खरं सांगून जे घडलं नाही, ते एका थापेने घडलं. त्याला स्वतःचा हातसुद्धा साहेबांच्या बोटांसारखाच तेलकट वाटायला लागला.

“मंजूर झालं मावशी.”

“देव भलं करो तुमचं,” म्हणून त्या गेल्या.

सोमवारी भर दुपारी त्यांचा फोन आला.

“दादा, टँकर आला बरं का!”

“आला ना? छान.”

“आला, पर ढेकळात हुबा राह्यलाय. वसंता डायवर म्हंतो, ठिपका सोडून एक पाऊल सरकलो तर नळाचं तोंड उघडत न्हाई, खेप बाद व्हती.”

ती अट खुद्द माऊलीने बसवली होती. पाण्याची चोरी नको म्हणून.

“मावशी, वस्तीवर ठिपका आणला तर पुन्हा…”

“न्हाई, न्हाई. वस्तीपोत्तर नगंच. आमी येतो की चालत, पायाला काय झालं?” पलीकडून हंड्यांचा आणि बायकांच्या वादाचा आवाज येत होता. “फकस्त तेवढा ठिपका बांधावरच्या लिंबाखाली सरकवता का? रांगेत ऊन लई लागून राह्यलंय.”