लॉयलशी कोणी बोललं नाही

सलग चार वर्षं अजिंक्यपद मिळालं की शहराला माज चढतो आणि पाचव्या वर्षी तो कोणाला खटकतही नाही. रिव्हरमेन हा शहराचा बेसबॉलचा संघ जिंकला तर लोक नुसती मान डोलवायचे आणि हरला तर घरातलं कोणी गेल्यासारखी तोंडं करायचे. खेळाडूंच्या जिवावरचं हे कौतुक खेळाडूंच्या जिवावर उठलेलं होतं, पण ते ऐकायला वेळ कोणाला होता?

एमिल वावरा या संघाचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. पिचरने फेकलेला प्रत्येक चेंडू त्याच्याच हातमोज्यात यायचा. आणि पिचर लॉयल हॉस्टेटर म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचा, रोझीचा नवरा. ऑक्टोबरच्या त्या दुपारी पाचव्या अजिंक्यपदाचा शेवटचा सामना चालला होता. नऊपैकी सहा इनिंग झाल्या तरी लॉयलने समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे चेंडू मारून बेस गाठण्याची संधी, दिली नव्हती.

असं चाललं असलं की बेसबॉलवाले एक पद्धत पाळतात, आणि बायबलपेक्षा जास्त पाळतात. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं नाही, त्या गोष्टीचं नावही काढायचं नाही. नाहीतर नाट लागते. त्यामुळे बाकाच्या एका टोकाला लॉयल एकटा, आणि दुसऱ्या टोकाला बाकीचे सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. नव्या पोराने "अरे, अजून एकही..." म्हणून तोंड उघडलं, तर जाड्या पिंकने त्याच्या पोटात कोपर खुपसलं. "दात प्यारे आहेत ना बाळा? मग मिटून बस."

सातव्या इनिंगमध्ये एमिलला कळलं. हातमोज्यात फाटकन वाजणारा चेंडू आता मरगळून येत होता, आणि प्रत्येक फेकीनंतर लॉयल उजवं कोपर पोटाशी आवळून धरत होता.

इनिंग संपल्यावर मॅनेजर क्राउटरने एमिलला बाजूला घेतलं. "त्याचा हात कसा आहे रे? काढू का त्याला? तू म्हणशील तसं."

एमिलने वळून पाहिलं. बाकाच्या टोकावरून लॉयल त्याच्याकडेच बघत होता. चार पावलं जायचं आणि विचारायचं, दुखतंय का? बस, एवढंच.

"दमलाय थोडा," एमिल म्हणाला. "राहू दे. विचारायला गेलो तर नाट लागायची."

नाटेचं निमित्त होतं. एमिलला पाचवं अजिंक्यपद हवं होतं, आणि तेही त्याला स्वतःच्या हातमोज्यात झेलायचं होतं. ते त्याला मिळालं. एक-शून्यने. लॉयलला खांद्यावर घेऊन लोक नाचले, तेव्हा तो डाव्या हाताने सगळ्यांशी हात मिळवत होता.

मार्चमध्ये संघाने त्याला दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळं केलं. त्याच्या जागी बावीस वर्षांचा एक पोरगा आला, आणि पेपरवाले सहाव्या अजिंक्यपदाच्या गोष्टी करायला लागले. एवढं सगळं त्या हाताने उभं केलं होतं, पण हाताची आठवण कोण ठेवतो?

सराव सुरू व्हायच्या आधी, एका रविवारी एमिल बहिणीकडे गेला. स्वयंपाकघरात रोझी नवऱ्याच्या ताटातलं मांस कापून देत होती. लॉयलचा उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला होता.

"त्या दिवशी क्राउटर तुला काय विचारत होता रे?" लॉयलने विचारलं.

"काही नाही. पुढच्या बॅटरचं."

"मला वाटलं, माझ्या हाताचं." लॉयल हसला. "मी वाट बघत होतो, कोणीतरी येऊन विचारेल म्हणून. आपणहून सांगायची लाज वाटत होती रे. असा सामना टाकून जातो म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? पण कोणी विचारलं असतं, तर हो म्हणालो असतो."

"दादाला नुसती शंका आली असती ना, तर तुमची ती पद्धतबिद्धत चुलीत घालून धावत आला असता," रोझी म्हणाली. तिने एमिलच्या कपात आणखी कॉफी ओतली. "हो ना रे दादा?"

"हो," एमिल म्हणाला.