दोरावर माणूस असताना

जनकोजी जाधवांना एकाहत्तराव्या वर्षी टीव्हीवर डोंबाऱ्याचं काम मिळालं आणि इमारतीतल्या यच्चयावत माणसांनी त्यांना एकच गोष्ट सांगितली. काय हुबेहूब करता हो तुम्ही!

"ह्यास म्हणतात नडिप्पु, अभिनय!" दुसऱ्या मजल्यावरचे राजगोपालराव जिन्यातच अडवत. ते तंजावरकडचे जुने मराठी. तीनशे वर्षं त्या मुलखात मुरलेलं घराणं, त्यामुळे तमिळ कुठं संपतं आणि मराठी कुठं लागते हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. "ढोल गळ्यांत घालून तुम्ही वाकतां की, अय्यो, खरा डोंबारीच उभा राहतो! सरदार घराण्यांतल्या माणसास हें साधणें म्हणजे..."

"साधतं कसंबसं," असं म्हणून जनकोजी खाली बघत चपला शोधू लागत. चपला पायातच असत.

कारण जनकोजी खरेच डोंबारी होते. जन्म पालात, कुठल्या गावाच्या हद्दीत, ते आईलाही आठवत नव्हतं. बाप ढोल वाजवी, थोरली बहीण दोरावर चाले आणि जनकोजी ताटली फिरवत. हातात ताकद आली तसा ढोलही त्यांच्या गळ्यात आला. खेळ करत करत हे बिऱ्हाड सोलापूरवरून खाली घसरलं ते थेट मद्रासला येऊन थांबलं. तिथं रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात जनकोजींना खलाशाची, म्हणजे मदतनिसाची, नोकरी लागली आणि दोर गुंडाळून माळ्यावर गेला.

इमारतीत यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा कौशिक बँकेत अधिकारी झाला, अयनावरमला फ्लॅट घेतला. पहिल्याच गणपतीत कुणीतरी विचारलं, "जाधव म्हणजे कुठले?" आणि कौशिकच्या तोंडून निसटलं, "सरदार घराणं आमचं." जाधव सरदारांत असतात तसे डोंबाऱ्यांतही असतात, त्यामुळे आडनावापुरतं ते खरंच होतं. बाकीचं अकरा वर्षं बापलेक मिळून सांभाळत होते.

मालिकेत बाप ढोल घेऊन दिसणार म्हटल्यावर कौशिकला आधी घाम फुटला. मग सगळे अभिनयाचं कौतुक करायला लागले तसा तो सैल पडला. "करा बाबा खुशाल. फक्त कुणी विचारलं, कुठं शिकलात, तर म्हणा, निरीक्षण केलं."

"कशाचं?"

"लोकांचं."

"आरं, लोकंच आपलं निरीक्षण करत व्हती की."

मालिका देशभक्तीची होती. नाव इतकं लांब की सेटवरही कुणी ते पुरतं घेत नसे. कंपनी सरकारविरुद्ध गावकुसाबाहेरच्यांचं बंड अशी गोष्ट. डोंबारी, गारुडी, मसणजोगी, चोर, आणि एक नाचणारीण जी कंपनीची गुपितं आणायची आणि दर वेळी नवे दागिने घालून यायची. गुम्मिडिपूंडीच्या वसाहतीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये किल्ला उभारला होता. बंडखोरांच्या चिंध्या इस्त्री करून हँगरवर टांगलेल्या असत. अंगावरची धूळ डब्यातून येई आणि मेकअपवाला ती ब्रशनं लावी. कलेक्टर साहेब म्हणून ओरगडमच्या मोटार कारखान्यातला एक जर्मन इंजिनियर धरून आणला होता. त्याला फक्त रविवारी सुट्टी असल्यामुळे कंपनी सरकारचे सगळे जुलूम रविवारीच होत.

जो तो मरण्यापूर्वी मातृभूमीवर भाषण करी. जनकोजी कोपऱ्यात बसून ऐकत आणि त्यांना नवल वाटे की उपाशी माणसाला एवढी लांब वाक्यं झेपतात कशी. मातृभूमी म्हणजे नेमकी कुठली, हाही प्रश्न होताच. त्यांच्या बापाला एका गावात तीन रात्रींच्या वर कुणी टिकू दिलं नव्हतं. देशासाठी मरायचं तर तीन रात्रींच्या आत उरकावं लागलं असतं.

पण एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. मालिकेचा नायक डोंबाऱ्याचा मुलगा होता, दोरावरून चालत किल्ल्यात शिरून कंपनीची झोप उडवणारा. आणि त्याचा बाप होते जनकोजी. एकशेवीस भाग त्यांनी त्याला "माझ्या लेका" म्हणून हाक मारली होती. खऱ्या लेकाला चारचौघांत अशी मोकळी हाक मारून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

मग मालिका लोक बघेनासे झाले. वरून निरोप आला की डोंबाऱ्याचं पोर नायक म्हणून लोकांना पटत नाही, रक्त चांगलं हवं. दिग्दर्शक कार्तिकेय हा तिशीतला, टोपी उलटी घालणारा मुलगा. त्यानं जनकोजींना खुर्ची दिली, तेव्हाच त्यांना शंका आली. सेटवरचं सगळं बोलणं तमिळमध्ये चाले.

"ताता, म्हणजे आजोबा, हा तुमचा मुलगा नाहीच. राजाचा आहे. दोरावर असताना गोळी सुटते, ढोल थांबतो, सगळीकडे शांतता. वाऱ्यानं त्याचा सदरा फाटतो, खांद्यावर राजमुद्रेची खूण दिसते. तो खाली येतो, तुम्ही पाया पडता आणि म्हणता, 'तू माझ्या पोटचा नाहीस, मी तुझा सेवक.'"

"राजाला पोर टाकायला माझंच पाल सापडलं?"

"नदीतून वाहत आलं, ताता. फ्लॅशबॅक आहे."

"आणि ढोल थांबायचा नाही. दोरावर माणूस असतं तवर ढोल थांबत नाही."

"संगीत नंतर घालतात, ताता."

घरी कौशिकला ही कलाटणी फार आवडली. "शोभेल एकदम," तो म्हणाला. इमारतीच्या मराठी मंडळाला तर इतकी आवडली की सेक्रेटरी राजगोपालरावांनी लगेच सत्कार ठरवला. तो भाग लागेल त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून बघायचा, मग शाल, नारळ आणि पितळी पाटी. पाटीवर कोरायला दिलं, 'सरदार घराण्यातील थोर कलावंत'. शिवाय रविवारी त्या भागाचं शूटिंग बघायला कौशिकबरोबर तेही येणार होते.

जनकोजींना ते वाक्य म्हणायचं नव्हतं. लेकाच्या तोंडावर तर नव्हतंच. पण नाही म्हटलं तर कार्तिकेयनं दुसरा म्हातारा उभा केला असता आणि कौशिकनं अकरा वर्षांत रचलेला डोलारा भर रविवारी कोसळला असता.

शेडमध्ये फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या दोन कैच्या आणि पंधरा फुटांवर दोर. खरा नायक खाली पंख्यासमोर बसलेला. दोरावर त्याच्या जागी शरण्या नावाची जिम्नॅस्ट, ओठावर खोट्या मिशा, कमरेला बारीक तार. ती तार नंतर कॉम्प्युटरवर पुसायची होती.

पहिल्या वेळी जर्मन साहेबानं गोळी झाडली. ढोल थांबला नाही.

"कट! ताता, थांबायचं होतं."

"ती उतरू दे, थांबतो."

दुसऱ्या वेळीही तेच. कट म्हटल्यावरही ढोल चालूच. कार्तिकेयनं टोपी काढून आपटली. वरून शरण्या ओरडली, "सार, तातांना वाजवू द्या की! त्या तालावर पाय बरोबर पडतो."

"तार आहे ना तुला?"

"तार पडल्यावर कामाची, सार. चालताना नाही!"

तिसऱ्या वेळी कार्तिकेयनं आपल्या मदतनिसाला, विजयेंद्रला, कानात काहीतरी सांगितलं. गोळी सुटली तसा विजयेंद्र मागून आला, जनकोजींच्या हातातल्या काठ्या खेचल्या आणि ढोल गळ्यातून काढून पळाला.

शरण्या बरोबर मध्यावर होती. ताल तुटला आणि तिचा पुढचा पाय हवेत चाचपडू लागला.

जनकोजींनी हे एकदा पाहिलं होतं. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एका गावात पाटलाच्या माणसानं गंमत म्हणून त्यांच्या बापाचा हात धरला होता. ढोल तेवढा एकदाच थांबला. बहीण पडली आणि जन्मभर लंगडली. पाटलाचा माणूस हसून हसून बेजार झाला होता.

ते धावले. समोर कंपनीचा खजिना होता, त्यावर थाप मारली तर हात सरळ आत गेला, खजिना थर्माकोलचा. मग त्यांनी तोफ गाठली. तोफ प्लायवूडची, पण आवाज काय झकास! दोन्ही तळहातांनी म्हाताऱ्यानं कंपनी सरकारची तोफ बडवायला घेतली आणि तोंडातून पालातली बोली सुटली, जी कौशिकनंही कधी ऐकली नव्हती. "म्होरं बघ, पोरी! खाली न्हाई! पाय त्येचं काम करतुया! हां गं माझे वाघिणी! हां! हां!"

शरण्याला शब्द कळले नाहीत. पण पाय दोरावर आला. मग दुसरा. पलीकडच्या कैचीला तिनं मिठी मारली, मिशा घामानं निघून गालावर चिकटल्या होत्या, तेव्हाच जनकोजींचे हात थांबले.

कॅमेरा चालूच होता. कार्तिकेय काही मूर्ख नव्हता. त्यानं फाटक्या सदऱ्यातल्या नायकाला पुढं ढकललं आणि हळूच म्हणाला, "ताता, वाक्य. आत्ताच."

जनकोजींनी नायकाकडं पाहिलं. त्याच्या खांद्यावरची खूण दुपारच्या उकाड्यानं ओघळायला लागली होती. त्याच्या मागे, दिव्याच्या खांबाशी, राजगोपालरावांच्या शेजारी कौशिक उभा होता.

"हा माझाच मुलगा आहे," जनकोजी म्हणाले. "राजाला पोरगा हवा असला तर त्यानं आपला आपण करावा."

अख्खं युनिट हसलं. जर्मन साहेबाला कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा त्यानं बंदूक काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

परतताना गाडी रेड हिल्सला आली. मग मागच्या सीटवरून राजगोपालराव म्हणाले, "त्या मुलीस ओरडत होतां तें नाटकांतलें नव्हे."

"नव्हे."

"निरीक्षणांतलें?"

जनकोजींनी उत्तर मुलावर सोडलं. कौशिक समोरच्या टँकरचा नंबर वाचत होता.

बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये चाळीसएक माणसं, वडे आणि चटणी. तो भाग लागला. दोर, गोळी, आणि म्हातारा तोफ बडवतोय. कार्तिकेयनं ते सगळं ठेवलं होतं. लोक खुर्चीत पुढं सरकले. मग पडदाभर जनकोजींचा चेहरा आला. ओठ हलले आणि कुणातरी परक्याचा घोगरा आवाज आला, "तू माझ्या पोटचा नाहीस, मी तुझा सेवक." जनकोजींचं तोंड कधीच मिटलं होतं तरी सेवक बोलतच होता. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एक बाई डोळे पुसत होत्या.

राजगोपालराव पाटी घेऊन उठले. "सरदार घराण्यांतले आमचे..."

"ते तसं बोलले नाहीत," कौशिक म्हणाला. हातात वड्यांची ताटली घेऊनच तो उभा राहिला होता.

"काय म्हणतां?"

"आवाज दुसऱ्याचा आहे. मी तिथं होतो, तुम्हीही होता. ते म्हणाले, हा माझाच मुलगा आहे."

"तें त्या नायकाविषयीं की."

"असेल. मला माझ्याविषयी ऐकू आलं." कौशिकनं ताटली खाली ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही. "आणि नडिप्पु वगैरे काही नाही. सरदार मीच केलं होतं. आम्ही डोंबारी. आजोबा ढोल वाजवायचे, आत्या दोरावर चालायची. बाबा ताटली घेऊन फिरायचे, मी आत्ता उभा आहे ना, तसेच."

मागच्या रांगेतल्या एका जोडप्यानं आपले डबे उचलले आणि ते निघून गेलं. डोळे पुसणाऱ्या बाईंनी पुसणं थांबवलं. राजगोपालराव पाटीकडं बघत राहिले.

"पितळ आहे हो," शेवटी ते म्हणाले. "कोरलेलें खोडतां येत नाही."

"आण इकडं, माझ्या लेका, ती पाटी," जनकोजी चारचौघांत मोठ्यानं म्हणाले. कौशिकनं पाटी आणून दिली. जनकोजींनी ती अक्षरं खाली करून मांडीवर पालथी घातली आणि बोटांनी दोनदा टकटक केली.

"आवाज बरा हाय," ते म्हणाले आणि वाजवू लागले.