कुणाचेच नसलेले दात

"मालकीणबाई, जरा खिडकीपाशी या. तोंड उघडा. आणखी थोडं."

मालकीणबाईंनी हौसेने तोंड उघडलं. त्यांना बोलावणारी भाडेकरीण खिडकीपाशी उभी होती. पुस्तकांच्या खोक्याला दोरी आवळणारा तिचा नवरा थांबला.

"अगं, त्यांच्या तोंडात काय शोधतेस? आपलं डिपॉझिट तिथे नसणार."

मालकीणबाईंना या दोघांची भाषा कळत नव्हती. तो काहीतरी गंमत करतोय एवढंच त्यांना कळलं आणि त्या तोंड उघडं ठेवूनच हसल्या. खोली कधी रिकामी होणार हे विचारायला त्या वर आल्या होत्या. पण दारातच त्यांनी आपले नवे दात दाखवले होते. वरचे, पुढचे दोन. दोन आठवड्यांपूर्वी बसवले होते. दात बनवणं हा या नवराबायकोचा धंदा, हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे दाद मिळावी अशी त्यांची अपेक्षा होती.

तिने त्यांची हनुवटी हलकेच उजेडाकडे वळवली. उजव्या दाताच्या कडेजवळ एक अगदी बारीक पांढुरका ठिपका होता. दोन्ही दातांच्या कडा सरळ नव्हत्या. प्रत्येकीवर तीन इवलेसे कंगोरे होते, नुकत्याच हिरडीतून वर आलेल्या दाताला असतात तसे. डावा दात उजव्यावर केसभर चढला होता.

"कसे आहेत?" मालकीणबाईंनी विचारलं. "सगळे म्हणतात, दहा वर्षांनी लहान दिसते मी."

"छान आहेत," ती म्हणाली. "कुठल्या लॅबमधून आले, डॉक्टर काही बोलले?"

मालकीणबाईंनी नाव सांगितलं. ते ऐकायच्या आधीच तिला ते माहीत होतं. असा धक्का बसला की माणूस ओरडतं, असा तिचा समज होता. तिने फक्त त्यांच्या हनुवटीखालचा हात काढून घेतला.

मालकीणबाई जिना उतरून गेल्यावर ती खोक्यावर बसली.

"ते माझे दात आहेत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी बनवलेले. नोकरीच्या टेस्टला."

नवऱ्याने दोरी सोडली. "चल, काहीतरीच. दातासारखा दात असतो."

"तुझ्या ओतकामात असेल. मला माझं काम कळतं. तो ठिपका तुला आठवत नाही? पोरीचा दात आहे तो."

आता मात्र तोही समोरच्या खोक्यावर बसला.

मुलगी तिकडे घरी आजीकडे होती, आठ वर्षांची. तिचे दुधाचे दात पडले आणि नवे आले, ते दोघांनी फोनवरच पाहिले होते. आजी रोज तिला उजेडात उभी करून ओठ वर करायला लावायची, आणि इथे ही धंद्याच्या सवयीने त्या दातांचा आकार डोळ्यांत साठवून घ्यायची. उजव्या दातावर पांढरा ठिपका. काळजीचं काही नाही, पुष्कळ मुलांना असतो.

हे दोघं ज्या लॅबमध्ये कामाला होते ती मंदीत बंद पडली. दात दुखला तर माणूस कर्ज काढूनही डॉक्टरकडे जातो, पण तुटक्या दातावर टोपी बसवणं पुढे ढकलतो, आणि वर्षभर सगळं शहरच ते पुढे ढकलत होतं. या देशात राहायचा परवाना कामाला बांधलेला. दुसरं काम मिळालं तर राहायचं, नाहीतर महिनाअखेर निघायचं. नवरा कवळ्यांच्या धातूच्या पट्ट्या ओतायचा. त्या कामाला आता कुणी विचारत नव्हतं. त्याने एका हॉटेलच्या तळघरात भाज्या सोलायचं काम धरलं होतं आणि स्वतःला 'कंदमुळांचा सर्जन' म्हणवून घेत होता. खरी आशा होती ती हिच्यावर. पोर्सलिनचं बारीक काम करणारे हात थोडे असतात.

मग मालकीणबाईंनी नाव सांगितलं त्याच लॅबने टेस्टला बोलावलं. लॅबवाला मऊ बोलणारा, सभ्य माणूस. त्याने तिच्यासमोर साच्याचा एवढासा तुकडा ठेवला. बाजूचे दात कापून टाकलेले, खालचा जबडा दिलेलाच नाही.

"कुणाचा आहे?" तिने विचारलं होतं.

"कुणाचाच नाही. जुना साचा आहे. मनाने करा. तुमचा हात मला बघायचाय."

मनाने कर म्हटल्यावर तिच्या मनात एकच होतं. दिवसभर खपून तिने ते दोन दात केले. थरावर थर दिले, भट्टीत भाजले, पुन्हा थर, पुन्हा भट्टी. पांढऱ्या पुडीचा एक कण ब्रशच्या टोकावर घेऊन ठिपका ठेवला. संध्याकाळी ते तळहातावर घेऊन बघताना पोर समोर उभी आहे असं वाटलं.

चार दिवसांनी फोन आला. काम नीटनेटकं आहे, पण आमच्या दर्जाला उतरत नाही.

त्यानंतर तिने अर्ज करणं थांबवलं. लोक समजत होते, मंदीमुळे. खरं म्हणजे तिला स्वतःच्या हाताचाच भरवसा उरला नव्हता. एवढ्या मायेने केलेलं काम जर दर्जाला उतरत नसेल, तर इतकी वर्षं आपण काय करत होतो? तिनेच नवऱ्याला म्हटलं, तिकिटं काढ. तिकडे दिराच्या दुकानात काउंटरला माणूस हवाच होता. झेरॉक्स काढायच्या, वह्या विकायच्या.

"मी जाते तिथे," ती म्हणाली.

"आणि काय करणार?"

"विचारणार. दात चालतात, मग मी का चालत नाही? अजून महिना संपलेला नाही."

दोघं निघाले. लॅबच्या इमारतीखाली येताच नवरा थांबला. "तू जा. मी वर आलो तर काहीतरी फोडीन, आणि भरपाईला आपल्याकडे फक्त खोकी आहेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "अडवलं तर भांडत बसू नकोस. सरळ खाली ये."

वरच्या मजल्यावरचं दार उघडं होतं. आत लांबलचक टेबल, त्यावर ओळीने दिवे, आणि प्रत्येक दिव्याखाली एकेक माणूस वाकलेला. तिच्या वेळी त्या दिवशी ती एकटीच होती. आज सहा-सात जण होते. सगळे बाहेरच्या देशांतून आलेले. ते त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. पिशव्या पायांत घट्ट धरून बसले होते. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकासमोर साच्याचा एवढासा तुकडा होता.

खिडकीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाने ब्रश ओठांत धरून त्याचं टोक जुळवलं, मग दिव्यासमोर धरून बघितलं. पांढरे केस, वाकलेली मान. तिचे पाय जागच्या जागी थांबले.

"मास्तर?"

ब्रश हवेत थांबला. मान वळली नाही.

बंद पडलेल्या लॅबमध्ये मास्तर सगळ्यांत वरचे होते. या दोघांना इकडे बोलावून घेणारे तेच. लॅब बंद झाल्यावर सगळ्यांत आधी परत गेले तेही तेच. विमानतळाच्या बसमध्ये या दोघांनीच त्यांना बसवलं होतं. बॅग चढवली होती, वाकून नमस्कार केला होता. बस वळेपर्यंत नवरा हात हलवत होता.

"तुम्ही तर घरी गेलात."

"पुढच्या स्टॉपवर उतरलो," मास्तर म्हणाले. "हळू बोल. त्याला आपली भाषा कळत नाही, पण आवाज कळतो."

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जवळून ते बरेच वाळलेले दिसत होते. शर्ट मात्र इस्त्रीचा होता.

"मास्तर, ही टेस्टबिस्ट काही नाही. हे दात पेशंटला लावतात. माझे लावलेत. मी आज डोळ्यांनी बघितले."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. जुना साचा म्हणे. हाताला कसा गार लागला! प्लास्टर अजून सुकलं नव्हतं. तुला नाही लागला गार?"

लागला होता. तिला आता नीट आठवलं. तुकडा उचलला तेव्हा तो ओलसर गार लागला होता, आणि तिने काही मनात आणलं नव्हतं. आणायचंच नव्हतं.

"मग कशाला करता?"

"घरी जाऊन काय करू? तुझी काकू अख्ख्या गल्लीला सांगत सुटलीय, ह्यांच्यावाचून तिकडे लॅब चालत नाही." ते किंचित हसले. "इथे खुर्ची आहे, दिवा आहे, दुपारी सूप देतात. तो मला दर वेळी नव्याने बोलावतो, मी दर वेळी नव्याने येतो. दोघंही ओळख दाखवत नाही. आणि खरोखरच एखाद्याला ठेवून घेतलं तर? मागे एकाला घेतलं म्हणतात."

"कुणाला?"

"म्हणतात ना."

तिने टेबलावरून नजर फिरवली. "आणि हे बाकीचे? यांना माहीत आहे?"

"ते त्यांना विचारू नकोस," मास्तर म्हणाले. "तेवढं कर माझ्यासाठी."

तेवढ्यात लॅबवाला आतल्या खोलीतून बाहेर आला. तिला त्याने लगेच ओळखलं असावं, कारण तो जरा थबकला. पण मग नेहमीसारखा पुढे आला आणि आपली वेळ ठरली आहे का, असं विचारलं.

ती त्याच्या भाषेत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "मी इथे केलेले दात माझ्या घरमालकिणीच्या तोंडात आहेत."

टेबलावरचे ब्रश थांबले.

वाटेत तिने दोन उत्तरांची तयारी केली होती. एक तर तो नाकारेल, किंवा घाबरेल. त्याने तिच्याकडे बघितलं आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "नीट बसलेत ना?"

तिने नकळत मान डोलावली.

"हिरडीजवळ टोचत वगैरे नाहीत ना? चावताना?"

"दर्जाला उतरत नाहीत म्हणाला होतात तुम्ही."

"उत्तम होते," तो म्हणाला. "असं काम मी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. पण काम चांगलं होतं असं सांगितलं, तर पुढे नोकरी द्यावी लागते. ती माझ्याकडे नाही. पगार द्यायला लागलो तर मला ही जागा बंद करावी लागेल, आणि मग ही माणसं उद्या कुठे बसतील?" त्याने टेबलाकडे हात केला. त्याच्या आवाजात जरब नव्हती. दमलेला होता.

उत्तम होते. इतके दिवस तिला हेच तर ऐकायचं होतं. आता ऐकलं, आणि त्या ऐकण्याचं करायचं काय हे तिला कळेना. नोकरी नाही हे तर त्याने त्याच दमात सांगून टाकलं होतं.

"निदान सांगत तरी जा," ती म्हणाली. "कुणाचेच नाहीत म्हणालात. मी उतारवयातल्या बाईला आठ वर्षांच्या पोरीचे दात घातले. ती बाई आता मरेपर्यंत ते घेऊन हसणार आहे. आम्हाला पैसे देऊ नका, नोकरी देऊ नका. पण कुणाचे आहेत एवढं तरी सांगा." तिने मास्तरांच्या पुढ्यातल्या तुकड्याकडे बोट केलं. "हा कुणाचा?"

तो नाही म्हणेल, निघून जा म्हणेल, असं तिला वाटलं. आणि मग, तिची खात्री होती, कुणीतरी उठेल. एक खुर्ची सरकेल, मग दुसरी.

लॅबवाल्याने तुकड्याकडे नजर टाकली.

"बाई आहेत," तो म्हणाला. "बासष्ट वर्षांच्या. उद्या सकाळी बसवायचेत."

कुणीच उठलं नाही. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने घसा खाकरला. भिंग कपाळावर सरकवून त्याने आपला तुकडा दिव्याखाली पुढे केला.

"आणि हा?"

"पुरुष. चाळिशीचा. सिगारेट ओढतो."

"माझा?" त्याच्या शेजारची बाई म्हणाली.

"तरुण मुलगी आहे. पडून तुटलाय."

"आणि माझा?"

तो एकेकाजवळ जाऊन सांगत गेला. ती माणसं माना डोलवत होती. कुणी पुडीची बाटली बदलली, कुणी दात उलटा धरून कड पाहिली. ती मध्ये उभी होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्यांना आधीपासून माहीत होतं की आत्ता कळलं, ते कुणाच्याही चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "चला. खाली हे उभे आहेत. आमच्याबरोबर चला घरी."

मास्तर ऐकत नव्हते. सकाळपासून चढवलेला थर अजून ओला होता, भट्टीत गेला नव्हता. त्यांनी तो दिव्यासमोर धरून नीट पाहिला.

"बासष्ट," ते स्वतःशीच पुटपुटले. "मग एवढा पांढरा कसा चालेल?"

टिपकागदाने त्यांनी तो सगळा थर पुसून काढला. खालचा रिकामा दात स्वच्छ केला. काचेच्या पाटीवर नवी पूड घेतली, जरा पिवळसर, तिच्यात पाण्याचे थेंब सोडले आणि कालवू लागले. ब्रशचं टोक ओठांत जुळवून घेतलं.

"पोरी," मान वर न करता ते म्हणाले, "उजेडातून जरा बाजूला हो."

ती बाजूला झाली.